छोट्या मुलासोबत डिस्नी वर्ल्ड: रूम बुक करायच्या आधी बेडरूमचं दार बघा

आमची छोटी दोन वर्षांची असताना आम्ही पहिल्यांदा ओरलँडोला गेलो, एका साध्या हॉटेलच्या रूममधे, दोन क्वीन बेड आणि मधे पॅक अँड प्ले, म्हणजे बाळाची घडीची क्रिब. घरी ती साडेसातला झोपते. तिथे साडेसातला सगळे दिवे बंद केले आणि मग नवरा आणि मी बाथरूमच्या फरशीवर टॉवेल टाकून बसलो, दार लोटून, कुजबुजत, थंड झालेला पिझ्झा खात. चार रात्री तेच. दिवसभर पार्कात पाय मोडेपर्यंत चालायचं आणि संध्याकाळी दोन शब्द मोठ्याने बोलायचीही सोय नाही. पाचव्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांवर इतके वैतागलो होतो की परतीच्या विमानात धड बोललोसुद्धा नाही. त्यानंतर दोनदा परत गेलो, एकदा तिघंच आणि एकदा पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन, आणि दोन्ही वेळा बाळासाठी वेगळी बेडरूम मिळेल अशी जागा शोधूनच गेलो. ट्रिपमधे जमीनअस्मानाचा फरक पडला. त्या शोधाशोधीत जे कळलं ते सगळं इथे लिहितेय, कारण न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या ग्रुपमधे दर सुट्टीला कोणीतरी हेच विचारतं आणि दर वेळी अर्धंच उत्तर दिलं जातं.

हे सगळं फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डबद्दल आहे (आत चार पार्क, मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम). शेवटी युनिव्हर्सल (ओरलँडोतलंच दुसरं मोठं थीम पार्क) आणि बाहेरच्या भाड्याच्या घरांबद्दलही थोडं आहे.

पायरी १: आधी मुलाची झोप कागदावर लिहा

हॉटेलांच्या साइटवर जायच्या आधी हे करा. मूल रात्री किती वाजता झोपतं, दुपारी किती वाजता आणि किती वेळ, झोपताना उजेड चालतो का, बाजूला कोणी बोललं तर उठतं का, आणि तुम्ही दिसलात की खेळायचंय म्हणून उभं राहतं का. काही मुलं टीव्ही चालू असताना ढाराढूर झोपतात, तुमचं तसं असेल तर सरळ साधी रूम घ्या आणि उरलेले पैसे दुसरीकडे वापरा, वेगळ्या बेडरूमची तुम्हाला गरजच नाही.

तुम्ही कुठून जाताय तेही बघा. आम्ही न्यू जर्सीचे, म्हणजे ओरलँडोची आणि आमची वेळ एकच. पण कॅलिफोर्नियातून जाणाऱ्यांना तीन तासांचा फरक पडतो, घरी साडेसातला झोपणारं मूल तिथे साडेदहापर्यंत टक्क जागं, म्हणजे संध्याकाळ अंधारात काढायचा प्रश्न आपोआप सुटतो (सकाळी मात्र नऊ साडेनऊपर्यंत त्याला झोपू द्यावं लागतं आणि पार्कचा सगळ्यात चांगला वेळ हातचा जातो, तो भाग वेगळा). भारतातून थेट येणाऱ्यांचं तर पहिले चार दिवस काहीच खरं नाही, मूल रात्री दोनला उठून नाश्ता मागेल. त्यांना वेगळी खोली जास्तच लागते, म्हणजे निदान एक मोठं माणूस झोपेल आणि दुसरं बाहेर बाळाला खेळवेल.

वयाचीही एक गंमत आहे. डिस्नीच्या पार्कात तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही, म्हणून खूप जण तिसऱ्या वाढदिवसाच्या आत ट्रिप उरकतात, आणि नेमकं तेच वय दुपारच्या झोपेचं. शिवाय तीन वर्षांच्या आतलं क्रिबमधे झोपणारं मूल रूमच्या माणसांच्या मर्यादेत मोजत नाहीत, म्हणजे सहा जणांच्या स्वीटमधे सहा माणसं आणि वर एक बाळ चालतं. बुकिंग करताना तरीही त्याचं नाव आणि वय घालाच.

पायरी २: कोण कुठे झोपणार ते ठरवा

"बेडरूम" हा शब्द बघून लोक खूश होतात आणि बुक करून मोकळे होतात. तसं करू नका, रात्रीचं चित्र डोळ्यासमोर आणा. दोन पद्धती असतात.

एक म्हणजे क्रिब बेडरूममधे, तुम्ही हॉलमधे अकरापर्यंत बसायचं, जेवायचं, उद्याचा प्लॅन करायचा आणि मग चोरपावलांनी आत जाऊन मोठ्या बेडवर झोपायचं. बाळ तुमच्याच खोलीत झोपतं, फक्त तुमची संध्याकाळ मोकळी होते. बहुतेकांना एवढंच हवं असतं.

दुसरी म्हणजे बेडरूम पूर्ण बाळाची आणि तुम्ही हॉलमधल्या सोफा बेडवर. ज्यांचं मूल शेजारच्या घोरण्यानेही उठतं त्यांच्यासाठी ही. पण सोफा बेडवर पाच रात्री काढायच्या म्हणजे पाठीचा विचार करा. डिस्नीच्या बऱ्याच व्हिलांमधे (हॉल-किचनवाल्या घरासारख्या जागा) आता जुने सोफा बेड काढून भिंतीतून खाली येणारे पलंग बसवलेत, ते खूपच बरे, त्यावर नीट गादी असते.

आजी-आजोबा बरोबर असले तर गणित अजून बदलतं. आमच्या घरी पहिला विचार हाच की आई-बाबांना खरा पलंग आणि दार असलेली खोली द्यायची, आणि ते बरोबरच आहे. मग बाळ कुठे? आईने स्वतःच सांगितलं, तिला आमच्याच खोलीत ठेवा, आम्ही नाहीतरी नऊला झोपतो. क्रिब त्यांच्या बेडरूममधे ठेवली, आम्ही दोघं हॉलमधल्या बेडवर. सगळ्यांना जमलं. पण हे आधी बोलून घ्या, तिथे पोचल्यावर रात्री दहाला दमलेल्या अवस्थेत पलंगांची वाटणी करायला बसू नका.

पायरी ३: दार, बाथरूम, क्रिबची जागा

माझ्या मते सगळ्या निवडीचा जीव इथे आहे, म्हणून जरा जास्त लिहिते.

दार म्हणजे खरं, बंद होणारं, भिंतीपासून भिंतीपर्यंतचं दार. "स्वीट" या शब्दाला काही अर्थ नाही, हे आम्ही पैसे मोजून शिकलो. दुसऱ्या ट्रिपच्या वेळी आधी पार्काबाहेरच्या एका हॉटेलात स्वीट बुक केला होता, फोटोत बेड एका बाजूला, सोफा एका बाजूला, मधे भिंत. जाऊन बघतो तर भिंत छातीपर्यंतच, वर सगळं मोकळं. दिवा लावला की उजेड थेट क्रिबवर. नशिबाने पहिलीच रात्र होती, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे हललो. काही ठिकाणी पडदा असतो, काही ठिकाणी सरकती फळी असते. सरकती फळी उजेड बऱ्यापैकी अडवते पण आवाज नाही. तेव्हा फोटो बघून समाधान मानू नका, त्या रूमचा नकाशा शोधा आणि कोणीतरी आत फिरून काढलेला व्हिडिओ बघा, प्रत्येक प्रकारच्या रूमचे असे व्हिडिओ ढिगाने सापडतात.

मग बाथरूम. हे कोणी सांगत नाही. एका बेडरूमच्या व्हिलात जर बाथरूम एकच असेल आणि तिचा रस्ता बेडरूममधून असेल, तर बाळ झोपल्यावर दात घासायला, अंघोळीला, रात्री दोनला उठून जायला प्रत्येक वेळी क्रिबच्या बाजूने अंधारात जायचं, फ्लश केला की ती उठून बसणार. वेगळी बेडरूम घेऊन उपयोग काय मग? म्हणून दोन बाथरूमवाल्या जागा शोधा, किंवा निदान बाथरूमचं दार हॉलच्या बाजूने आहे ना ते बघा. डिस्नीत दोन बाथरूम कुठे मिळतात ते पुढे लिहिलंय.

तिसरं क्रिबची जागा. पॅक अँड प्ले साधारण ४० इंच लांब आणि २८ इंच रुंद असतं. घरात जमिनीवर टेप चिकटवून तेवढा चौकोन करा आणि बेडच्या बाजूला तो कसा बसेल ते बघा. काही स्वीटच्या बेडरूममधे क्वीन बेड आणि भिंत यांच्यामधे जेमतेम माणूस जाईल इतकीच जागा असते. डिस्नीच्या हॉटेलात पॅक अँड प्ले मागितलं तर फुकट मिळतं, सगळं घरून न्यायची गरज नाही, पण चादर मात्र घरचीच न्या, ओळखीचा वास असला की मुलं लवकर झोपतात.

आणि एक, सुरक्षेचं. दोन बेडरूमचे व्हिला दोन प्रकारचे असतात. एकात दुसरी बेडरूम म्हणजे खरं तर शेजारचा स्टुडिओच असतो, मधलं दार उघडून जोडलेला, त्याला लॉक-ऑफ म्हणतात. त्या खोलीला बाहेर कॉरिडॉरमधे उघडणारं स्वतःचं दार असतं. चालतं-पळतं मूल तिथे एकटं झोपवू नका. तसंच शेजारशेजारच्या दोन जोडलेल्या रूम घेतल्या तर दोन्हींना बाहेरची दारं. दोन बेडरूमवाल्या दुसऱ्या प्रकारात, त्याला डेडिकेटेड म्हणतात, दुसऱ्या खोलीला बाहेरचं दार नसतं, लहान मुलासाठी तो बरा. बाल्कनीचंही बघा, एका बेडरूमच्या बऱ्याच व्हिलांमधे बेडरूममधूनच बाल्कनीत जाता येतं. वरची कडी लावायची आणि बाल्कनीतल्या खुर्च्या कठड्यापासून लांब ओढून ठेवायच्या, हे खोलीत शिरल्याशिरल्या पहिलं काम.

पायरी ४: आता डिस्नीतल्या जागा

महाग हॉटेल म्हणजे वेगळी बेडरूम असं अजिबात नाही. ग्रँड फ्लोरिडियन किंवा पॉलिनेशियनची साधी रूम घ्या, पैसे भरपूर जातील आणि खोली एकच मिळेल. "डिलक्स स्टुडिओ" हे नाव ऐकून फसू नका, स्टुडिओ म्हणजे एकच खोली आणि बाजूला छोटा फ्रिज-मायक्रोवेव्ह.

आर्ट ऑफ ॲनिमेशनचे फॅमिली स्वीट ही माझी पहिली पसंती. हे हॉटेल २०१२ मधे सुरू झालं. कार्स, फाइंडिंग नीमो आणि लायन किंग अशा तीन थीमचे स्वीट आहेत, साधारण ५६५ चौरस फूट, सहा माणसांचे. बेडरूमला खरं दार, आत क्वीन बेड आणि आतच एक बाथरूम, हॉलमधे सोफा बेड, जेवायच्या टेबलाचा होणारा एक पलंग, आणि हॉलच्या बाजूला दुसरी बाथरूम. म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक बाथरूम, मला हवं होतं ते नेमकं हेच. फ्रिज, मायक्रोवेव्ह, कॉफी मशीन आहे, शेगडी नाही. स्वीटच्या खोल्या आतल्या कॉरिडॉरमधे उघडतात त्यामुळे बाहेरच्या पोरांचा पळापळीचा आवाज तसा कमी. त्याच हॉटेलातल्या लिटल मर्मेडच्या रूम मात्र साध्या एकखोलीच्या आहेत आणि लॉबीपासून सगळ्यात लांब, बुकिंग करताना चुकून त्या घेऊ नका.

ऑल-स्टार म्युझिकमधेही फॅमिली स्वीट आहेत, थोडे लहान, ५२० चौरस फुटांच्या आसपास, तिथेही दार आणि दोन बाथरूम. सहसा आर्ट ऑफ ॲनिमेशनपेक्षा स्वस्त पडतात. पण तिथून सगळीकडे बसनेच जावं लागतं. बजेट घट्ट असेल तर चांगला पर्याय.

मग व्हेकेशन क्लबचे (डिस्नीची सुट्टीच्या मुक्कामाची सभासद योजना) व्हिला. एका बेडरूमच्या व्हिलात बेडरूममधे किंग बेड, वेगळा हॉल, पूर्ण किचन, आणि वॉशर-ड्रायर. लहान मूल असताना वॉशर-ड्रायर म्हणजे काय चीज आहे ते ज्यांचं मूल स्ट्रोलरमधे उलटी करतं त्यांनाच कळेल, आणि किचनमुळे तर आई-बाबांची ट्रिप तरली. दोन दिवस बर्गर आणि सॅलड खाऊन बाबा गप्प झाले होते, तिसऱ्या दिवशी आईने मुगाची खिचडी लावली, आम्ही छोटा कुकर बॅगेत टाकूनच नेला होता, त्या वासाने सगळ्यांचे चेहरे बदलले आणि छोटीनेही तीन दिवसांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

यात दोन बाथरूमचे एक-बेडरूम व्हिला बे लेक टॉवरला आणि ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजला आहेत. बे लेक टॉवरहून मॅजिक किंगडमला चालत दहा एक मिनिटांत पोचता येतं, त्याच्यासारखी सोय दुसरी नाही, भावही तसाच. किदानीला बाल्कनीतून झेब्रे आणि जिराफ दिसतात (त्या बाजूची रूम घेतली तर, तिचा दर जास्त असतो), आणि खाली सना नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे नान आणि भरपूर चटण्यांची एक थाळी मिळते, आई-बाबांनी दोनदा मागवली. फक्त किदानी लांब आहे, ॲनिमल किंगडम पार्क सोडलं तर बाकी सगळीकडे बसचा बराच प्रवास. ओल्ड की वेस्ट हे या व्हिलांमधलं सगळ्यात जुनं, १९९१ चं, तिथले व्हिला ऐसपैस आहेत, एका बेडरूमचा साधारण ९४० चौरस फूट, क्रिब कुठेही ठेवा.

फोर्ट वाइल्डरनेसच्या केबिन २०२४ मधे नव्या बांधल्या. झाडीत वेगळं छोटं घर, बेडरूममधे क्वीन बेड आणि बंक बेड, हॉलमधे भिंतीतून येणारा पलंग, पूर्ण किचन. वर-खाली-शेजारी कोणी नाही, म्हणजे मूल रात्री रडलं तरी तुम्हाला संकोच नाही आणि शेजारच्यांच्या टीव्हीने ते उठत नाही. पण बाथरूम एकच. आणि पार्कात जाताना आधी आतली बस आणि मग बोट किंवा दुसरी बस, असे दोन टप्पे. बंक बेड बघून मोठं भावंड खूश होतं, दोन वर्षांच्याला मात्र वर चढू न देणं हे दिवसभराचं काम होऊन बसतं.

दोन जोडलेल्या साध्या रूम हाही हिशोब करून बघा. पॉप सेंच्युरीच्या दोन रूम मिळून बरेचदा आर्ट ऑफ ॲनिमेशनच्या एका स्वीटइतक्या किंवा त्याहून कमी पैशात पडतात, आणि स्कायलायनरचं (तारेवरून हवेत जाणाऱ्या बंद पाळण्यांचं) स्टेशन दोन्ही हॉटेलांना एकच आहे, मधल्या तळ्यावर. दोन बाथरूम, मधे दार. फक्त फोन करून "जोडलेल्याच हव्यात, मधलं दार हवंच, बरोबर लहान मूल आहे" हे बुकिंगवर लिहून घ्या, नुसत्या शेजारच्या रूम मिळाल्या तर काही उपयोग नाही.

पायरी ५: दुपारचा प्रवास मिनिटांत मोजा

बेडरूम कितीही छान असली तरी दुपारी एक वाजता तुम्ही तिथे पोचू शकत नसाल तर ती फक्त रात्रीपुरती. दोन वर्षांचं मूल आणि जुलैचं ऊन, दुपारी परत येणं हे लागतंच. आमचं वेळापत्रक असं होतं, सकाळी लवकर पार्कात (डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सगळ्या पार्कांत अर्धा तास आधी सोडतात), साडेबारापर्यंत फिरायचं, परत येऊन झोप, मग साडेचारला पूल किंवा परत पार्क.

इथे सगळा फरक वाहनाचा. डिस्नीची बस साधारण वीस एक मिनिटांनी येते असं धरा, त्यात थांबणं, स्ट्रोलर घडी करणं, उतरून रूमपर्यंत चालणं, सगळं मिळून पाऊण तास. बसमधे बहुतेक वेळा स्ट्रोलर घडी करावाच लागतो, म्हणजे अर्धवट झोपलेलं मूल उचलायचं आणि मग ते जागं. स्कायलायनर आणि मोनोरेलमधे स्ट्रोलर तसाच आत ढकलता येतो, मूल झोपलेलंच राहतं, आणि आमच्यासाठी आर्ट ऑफ ॲनिमेशन जिंकलं ते याच कारणाने. स्कायलायनर २०१९ मधे सुरू झालं, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जातं. मॅजिक किंगडमला आणि ॲनिमल किंगडमला तिथूनही बसच. आणि लक्षात ठेवा, वीज कडाडायला लागली की स्कायलायनर बंद ठेवतात, फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी दोन-तीनला जवळजवळ रोज पाऊस, म्हणून आम्ही साडेबारालाच निघायचो.

स्वतःची गाडी असली तरी मॅजिक किंगडमचं पार्किंग गेटजवळ नाही, ते तिकीट अँड ट्रान्सपोर्टेशन सेंटरला आहे, तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट घेऊन आत जायचं आणि येतानाही तेच. बाहेरच्या घरात राहणाऱ्यांना दुपारी परत जाऊन झोपवून पुन्हा यायचं म्हणजे निव्वळ प्रवासातच दोन-अडीच तास. डिस्नीच्या हॉटेलांच्या बस मात्र थेट गेटपाशी सोडतात.

ज्या दिवशी परत येणं शक्यच नाही त्या दिवशी प्रत्येक पार्कातलं बेबी केअर सेंटर वापरा. शांत, थंड, दूध पाजायला वेगळी खोली, मायक्रोवेव्ह, उंच खुर्च्या, सगळं फुकट.

पायरी ६: पैसे

दर रोज बदलतात म्हणून आकडे देण्यात अर्थ नाही, पण हिशोब कसा करायचा ते सांगते. हॉटेलच्या दरावर साडेबारा ते साडेतेरा टक्के टॅक्स धरा. डिस्नीच्या हॉटेलात २०२३ पासून रात्रीचं पार्किंग फुकट आहे आणि पार्कातलं पार्किंगही हॉटेलवाल्यांना लागत नाही. बाहेरच्या हॉटेलात रिसॉर्ट फी, पार्किंग, आणि पार्कातलं रोजचं पार्किंग असं मिळवून मगच तुलना करा, नाहीतर बाहेरचं उगाच स्वस्त वाटतं. ख्रिसमस, थँक्सगिव्हिंग आणि स्प्रिंग ब्रेकला भाव आकाशाला, ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर सगळ्यात कमी. शाळेत न जाणारं मूल असताना सप्टेंबरला जाता येतं याचा फायदा घ्याच, फक्त तो वादळांचा मोसम आहे, तेव्हा पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा.

व्हेकेशन क्लबचे व्हिला थेट डिस्नीकडून घेतले तर डोळे पांढरे होतात. पण त्याचे सभासद आपले पॉइंट (ज्यांवर ते रात्री बुक करतात) भाड्याने देतात, मधे काही कंपन्या हा व्यवहार करून देतात. समजा तुमच्या तारखांना रात्रीचे ३० पॉइंट लागतात आणि पॉइंटला २० डॉलर पडले, तर रात्रीचे ६०० झाले, वर रूमचा टॅक्स वेगळा नाही. पॉइंटचे तक्ते उघड असतात, आपल्या तारखा आपणच बघायच्या. सभासदांना स्वतःच्या हॉटेलात ११ महिने आधी आणि बाकीच्या हॉटेलात ७ महिने आधी बुक करता येतं, म्हणून बे लेक टॉवरसारखी जागा हवी असेल तर जवळजवळ वर्षभर आधी मागणी नोंदवावी लागते. मोठी अडचण ही की पॉइंटच्या भाड्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. लहान मुलाला आदल्या दिवशी ताप येऊ शकतो, तेव्हा प्रवास विमा घ्या आणि त्यात आजारपण धरलंय ना ते वाचून घ्या. डिस्नीकडून नुसती रूम घेतली असेल तर पाच दिवस आधीपर्यंत रद्द करून डिपॉझिट परत मिळतं, आम्ही आई-बाबांच्या व्हिसाचं नक्की होईपर्यंत तसंच बुकिंग धरून ठेवलं होतं.

बाहेरची घरं आणि युनिव्हर्सल

डिस्नीजवळच्या किसिमी आणि डेव्हनपोर्टकडे तीन-चार बेडरूमची पूलवाली घरं मिळतात, दोन कुटुंबं मिळून गेलात तर त्याच्याइतकं स्वस्त काही नाही, आणि प्रत्येकाला दार. पण घरामागेच पूल असतो. घरमालकाला विचारा, पूलभोवती काढता-घालता येणारं कुंपण आहे का आणि पूलकडच्या दाराला अलार्म आहे का. दोन्ही नसेल तर चालत्या मुलाला घेऊन तिथे राहू नका, मी तर नाही राहणार. विमानतळाहून टॅक्सी केली तरी कार सीट बरोबर लागतेच.

युनिव्हर्सलला जाणाऱ्यांसाठी, एन्डलेस समरच्या हॉटेलांमधे दोन बेडरूमचे स्वीट आहेत आणि त्यांचा दर बऱ्यापैकी परवडणारा असतो. कबाना बे हॉटेलच्या फॅमिली स्वीटमधे मधे सरकती फळी आहे, हलकी झोप असणाऱ्या मुलासाठी मी तो घेणार नाही. पण खरं सांगू, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला युनिव्हर्सलमधे करण्यासारखं कमीच आहे.

पायरी ७: पोचल्यावर पहिला तास

हॉटेलात रूम तीनला मिळते, व्हिलात चारला, म्हणजे दुपारच्या झोपेच्या नंतरच. पहिल्या दिवसाची झोप विमानात किंवा गाडीत होईल अशी वेळ निवडा.

रूममधे शिरलं की एक जण मुलाला घेऊन बाहेर, दुसऱ्याने बेडरूमचं दार बंद करून आत उभं राहायचं. उजेड कुठून येतो बघायचा, पडद्याच्या फटीला कपडे अडकवायचे चिमटे लावायचे, दाराखालच्या फटीला टॉवेल. दार बंद ठेवल्यावर एसी आत नीट लागतो का ते बघा, थंड वाऱ्याचा झोत थेट क्रिबवर नको. दाराची कडी मुलाच्या हाताला लागते का? लागत असेल तर दाराच्या वरच्या कडेवर जाड टॉवेल टाका, म्हणजे दार पूर्ण बंद होणार नाही आणि आतून कोंडून घेता येणार नाही. जुन्या फोनवर पावसाचा आवाज लावून ठेवा.

बेबी मॉनिटर वायफायवर चालणारा नेऊ नका. हॉटेलच्या वायफायला आधी एक पान उघडून मान्य करावं लागतं आणि मॉनिटरला ते करता येत नाही, आमचा तिथे तसाच पडून राहिला. स्वतःच्या सिग्नलवर चालणारा साधा मॉनिटर न्या.

शेवटच्या दिवशी चेकआउट अकराला असतं आणि झोप एकला, त्या दिवशी बेडरूम हातात नसते. बॅगा बेल सर्व्हिसकडे ठेवा, पूल वापरता येतो, आणि परतीचं विमान दीडच्या आसपासचं घ्या. आमची छोटी चाकं वर जायच्या आत झोपली होती आणि न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला उतरेपर्यंत उठली नाही.